हनोईचे चुंग थू केक: कोणता घ्यावा, कधी कापावा

व्हिएतनामच्या तेत चुंग थूला, म्हणजे आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, घरात दोन केक लागतात. एक बान्ह नुओंग, भाजलेला, तपकिरी. दुसरा बान्ह झेओ, पांढरा, भट्टी न पाहिलेला. (दक्षिणेत याच झेओला येओ म्हणतात.) दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून आणले, तर त्यातला एक चुकीच्या दिवशी खाल्ला जातो. नुओंग भट्टीतून निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी चवीला येतो. झेओ त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी खावा. २०२६ मध्ये ही पौर्णिमा २५ सप्टेंबरला आहे. म्हणजे हाताने केलेला नुओंग २२ तारखेच्या आसपास घ्यावा आणि झेओ २४ च्या संध्याकाळी. दुकान कोणतं, डबा कसा, हे प्रश्न त्यानंतरचे.

‘केक’ हा शब्द सोयीपुरता. व्हिएतनामीत पिठापासून केलेलं जवळपास काहीही बान्ह असतं, पावापासून घावनापर्यंत. चुंग थूच्या बान्हची जात खरं तर मोदकाच्या जवळची: बाहेर पारी, आत सारण, साच्यातून उमटलेली नक्षी. परीक्षाही तशीच करायची. वरून सगळेच सुंदर दिसतात, खरं काय ते कापल्यावर कळतं.

दीडशे ग्रॅमच्या नुओंगात ५० ग्रॅम पारी आणि १०० ग्रॅम सारण, हे नेहमीचं प्रमाण. चांगला केक कापला की पारी सगळीकडून सारख्या जाडीची दिसते आणि सारणाला चिकटून असते. तळाला जाड आणि वर पातळ असेल, तर गोळा वळताना सारण मधोमध बसलेलं नाही. पारी आणि सारण यांच्यात फट असेल तर ती जास्त वाईट खूण. सारण ओलं राहिलं किंवा वळताना आत हवा अडकली, भट्टीत तिची वाफ झाली आणि तिने पारी उचलून धरली. असा केक बुरसतो तोही त्या फटीपासूनच, बाहेरून काही दिसायच्या आधी.

हनोईत पहिल्यांदा घेणाऱ्याने थाप काम घ्यावा. थाप म्हणजे दहा. आत मोजून दहाच जिन्नस असतात असं नाही, पण मिश्र सारणाला हेच नाव आहे. कोहळ्याचे पाकवलेले तुकडे, पाकवलेलं कमळबी, काजू, कलिंगडाच्या सोललेल्या बिया, तीळ, लाप सुओंग नावाचं गोडसर वाळवलेलं सॉसेज, साखरेत मुरवलेली डुकराची चरबी, गुलाबाच्या वासाची माइ क्वे लो ही दारू आणि लिंबाचं पान. यादी वाचून गोंधळ वाटतो. खाताना मात्र गोड, खारट, तेलकट आणि कुरकुरीत हे एकामागून एक येतं आणि शेवटी जिभेवर लिंबाचं पान उरतं. उत्तरेच्या थाप कामची ओळख म्हणजे हे पानच. ते नसेल तर उरतो नुसता गोड सुकामेवा.

या पानावरूनच कारागिराची तयारी जोखता येते. मधली शीर पूर्ण काढून, पानांची गुंडाळी करून, केसासारखं बारीक कापावं लागतं. घाईत जाड कापलं की दाताखाली चामड्यासारखं येतं आणि कडू लागतं. एक किलो सारणाला दहा-बारा पानं पुरतात. त्यापुढे गेलं की केकाला साबणाचा वास येऊ लागतो. कापलेला तुकडा उजेडात धरावा: हिरवे धागे सगळीकडे विखुरलेले दिसले तर सारण नीट कालवलं आहे, एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील तर नाही.

दुसरी परीक्षा चरबीची. शाकाहारी वाचकांनी हा परिच्छेद सोडावा, पुढे त्यांच्यासाठी आहे. पाठीची घट्ट चरबी उकडून, अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन कापून, तेवढ्याच वजनाच्या साखरेत घोळवून उन्हात ठेवतात, किंवा रात्रभर तशीच मुरवतात. साखर पाणी ओढून घेते आणि तुकडे काचेसारखे पारदर्शक होतात. चावल्यावर ते कुरकुरतात, चरबीची चव लागत नाही. तुकडे दुधी पांढरे राहिले असतील तर मुरवण कच्चं आहे. तो केक दोन घासांत नकोसा होतो.

हे सगळं धरून ठेवायला भाजलेल्या चिकट तांदळाची पिठी आणि पाक लागतो. एक किलोच्या सारणाचा चालणारा हिशोब असा: कोहळा, कमळबी आणि चरबी प्रत्येकी १५० ग्रॅम, सॉसेज आणि काजू प्रत्येकी १००, कलिंगडाच्या बिया आणि तीळ प्रत्येकी ८०, पाक ८०, दारू दोन मोठे चमचे आणि पिठी ६० ते ८० ग्रॅम. पिठी शेवटी, थोडी थोडी. मुठीत दाबलेला गोळा टेबलावर हलकेच टाकला आणि फुटला नाही, की थांबायचं. पिठी कमी पडली तर कापताना सारण सांडतं. जास्त झाली तर त्या वेळी कळत नाही. दोन दिवसांत ती सगळी ओल पिऊन टाकते आणि केक भुसभुशीत लागतो. विकतच्या थाप कामच्या बहुतेक तक्रारी या जास्तीच्या पिठीच्या असतात, कारण पिठी स्वस्त आणि काजू महाग.

दक्षिणेत, हो ची मिन्ह शहरात, गिऱ्हाइकाची आवड वेगळी. तिथे गुळगुळीत वाटलेली सारणं जास्त चालतात: मूगडाळ, कमळबी, अळकुडी, नारळ आणि ड्युरियन हे उग्र वासाचं काटेरी फळ. आत मिठात मुरवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, एक किंवा दोन. डब्यावर ‘१ चुंग’, ‘२ चुंग’ असं लिहिलेलं असतं ती बलकांची संख्या; हा चुंग म्हणजे अंडं, सणाच्या नावातला नव्हे. कमळबीचं सारण खरं असेल तर फिकट बदामी, किंचित रवाळ आणि कमी गोड असतं. रंग फार पिवळा आणि पोत लोण्यासारखा एकसारखा दिसला तर मूगडाळीची भर आहे असं समजावं. मूगडाळ वाईट नव्हे, पण तिला कमळबीचा भाव देऊ नये. ड्युरियनचा केक वेगळ्या डब्यात ठेवावा. एका रात्रीत शेजारचे तिन्ही ड्युरियनचे होतात.

बलक बघायचा तो रंगाने आणि कडांनी. चांगला बलक शेंदरी असतो, कापल्यावर रवाळ दिसतो आणि त्याचं तेल आजूबाजूच्या सारणात एक पातळ गडद कडा उमटवतं. फिकट, रबरासारखा असेल तर अंडं मिठात पुरेसं मुरलेलं नाही. वास येत असेल तर बलक दारूने धुतलेला नाही. घरी करताना बलकाला चिकटलेलं पांढरं आवरण काढून, दारूत काही मिनिटं बुडवून, तिळाच्या तेलाचा हात लावून, १५० अंशांवर दहा मिनिटं भाजून मगच सारणात भरायचा. कच्चा भरला तर त्याचं पाणी सारणात उतरतं.

शाकाहारी माणसाने नुसतं ‘मूगडाळ’ वाचून केक उचलू नये. जुन्या पद्धतीत डाळ चरबीवर परतली जाते, नुओंगच्या पारीत अंडं असू शकतं आणि वरचा लुकलुकता रंग बहुधा बलकाचाच असतो. डब्यावर ‘चाय’ हा शब्द शोधायचा. व्हिएतनामीत चाय म्हणजे शाकाहारी, चहाशी त्याचा संबंध नाही. चहाला तिथे चा किंवा त्रा म्हणतात. बौद्ध घरांमुळे चाय केक सहज मिळतात, त्यातही कमळबी आणि काळ्या तिळाचे चांगले. पांढऱ्या झेओच्या पारीत अंडं नसतं, पण आत काय भरलंय ते विचारावंच लागतं.

पाक, ज्याच्यावर नुओंग उभा आहे

नुओंगचा रंग, मऊपणा आणि टिकाऊपणा हे सगळं पाकाच्या हातात आहे, आणि तो त्याच दिवशी केलेला चालत नाही. चांगली दुकानं काही महिने आधी पाक करून ठेवतात, काही तर आदल्या वर्षीचा वापरतात. घरी करणाऱ्याने निदान दोन आठवडे तरी मुरू द्यावा.

एक किलो साखर, ६०० मिली पाणी. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी फुटली की चमचा बाहेर काढायचा आणि परत आत घालायचा नाही. उकळत्या पाकात ढवळलं की भांड्याच्या कडेचे साखरेचे कण आत पडतात आणि सगळा पाक गार झाल्यावर रवा धरतो. कडा पुसायच्या तर ओल्या ब्रशने. दोन लिंबांचा रस घालून मंद आचेवर ४५ मिनिटं ते तासभर. शेवटी ५० ग्रॅम माल्टोज, म्हणजे धान्यापासूनची चिकट साखर. लिंबाचं काम आंबटपणाचं नाही. आम्लामुळे साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. ती परत दाणे धरत नाही, हवेतली ओल धरून ठेवते आणि भट्टीत लवकर तांबूस होते. केक तिसऱ्या दिवशी मऊ होतो तो याचमुळे. लिंबाबरोबर अननसाची फोड टाकणारेही आहेत.

कधी उतरवायचा? गार पाण्यात थेंब टाकावा. तळाशी गोल राहून मग सावकाश पसरला तर बरोबर. लगेच विरघळला तर पातळ, गोळी झाली तर पुढे गेला. गार झाल्यावर पाक अजून दाट होतो, म्हणून भांड्यात तो मधापेक्षा पातळ दिसत असतानाच गॅस बंद करावा लागतो. पहिल्यांदा करणारा इथेच फसतो. पुढे गेलेल्या पाकाची पारी विटेसारखी होते आणि कितीही दिवस ठेवली तरी सुटत नाही. पातळ राहिला तर केक भट्टीत खाली बसतो, नक्षी पुसली जाते आणि बाजू फुगून बेडकासारखी दिसते.

पारीचं माप: मैदा ३०० ग्रॅम, पाक २०० ते २१०, तेल ४५, एक बलक, एक मोठा चमचा शेंगदाण्याचं लोणी आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा किंवा राखेचं क्षारपाणी. क्षारामुळे रंग गडद येतो. जास्त झाला तर काळपट छटा आणि जिभेवर टोचणारी चव. सगळं आधी एकत्र फेटून मग मैदा घालायचा, आणि मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. कणकेसारखं तिंबलं की मैद्याला चिवटपणा येतो, केक साच्यातून काढल्यावर पारी आक्रसते आणि फुलांच्या पाकळ्या बोथट होतात. झाकून ४० मिनिटं ठेवावं. इतक्यात ५० ग्रॅमच्या अकरा पाऱ्या होतात.

साचे हनोईत हांग क्वात रस्त्यावर मिळतात, लाकडात हाताने कोरलेले: शेवंती, कमळ, मासा. प्लास्टिकचा दट्ट्याचा साचा सोपा आणि नवख्याला तोच बरा. पण त्याची नक्षी उथळ, आणि दोनदा रंग लावला की बुजते. लाकडी साच्याला खोली असते, फक्त त्याला नवा असताना तेल पाजावं लागतं आणि प्रत्येक केकाआधी पिठाची चिमूट भुरभुरून उरलेली ठोकून काढावी लागते. कोपऱ्यात राहिलेलं पीठ केकावर पांढरे डाग होऊन बसतं. गोळा मधून कडेकडे दाबायचा आणि मग साच्याची धार टेबलाच्या कडेवर आपटायची: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग पालथा. चुंग थूच्या आधीच्या आठवड्यात जुन्या बेकऱ्यांतून दिवसभर हाच आवाज ऐकू येतो, ठक ठक, थोडं थांबून ठक.

भाजणं तीन फेऱ्यांत. २०० अंशांवर दहा मिनिटं, नुसता. बाहेर काढून लगेच पाण्याचा बारीक फवारा आणि दहा मिनिटं गार. मग रंग: एक बलक, एक छोटा चमचा दूध, अर्धा चमचा तिळाचं तेल, गाळून. ब्रश वाटीच्या कडेला निपटून, फक्त उंच भागावरून फिरवायचा. पुन्हा १८० अंशांवर सात-आठ मिनिटं, फवारा, गार, रंग, आणि शेवटची पाच मिनिटं. फवारा टाळला की वरची पारी कोरडी पडून तडकते. गरम केकावर रंग लावला तर बलक तिथेच शिजतो आणि ब्रशच्या रेघा राहतात. तळाशी तडा गेला असेल तर आच कमी-जास्तीत दोष शोधू नये, सारण ओलं आहे.

भट्टीतून निघालेला नुओंग बिस्किटासारखा टणक असतो. इथे अनेक जण घाबरतात आणि पुढच्या खेपेला तेल वाढवतात. तसं करू नये. पूर्ण गार करून डब्यात बंद ठेवला की सारणातलं तेल आणि पाकाची ओल पारीत झिरपते. पहिल्या दिवशी कोरडी, दुसऱ्या दिवशी मऊ, तिसऱ्या दिवशी लुकलुकीत. व्हिएतनामी लोक याला तेल उतरणं म्हणतात. थाप कामला यात एखादा दिवस जास्त लागतो, कारण मूगडाळीइतकं मोकळं तेल त्यात नसतं. गरम असतानाच डबाबंद केला तर झाकणाखाली घाम धरतो आणि चौथ्या दिवशी बुरशी.

झेओ

झेओच्या पारीत जिन्नस तीनच: भाजलेल्या चिकट तांदळाची अगदी बारीक पिठी, साखरेचा साधा पाक आणि पपनसाच्या फुलांचं अत्तरपाणी. लपवायला जागाच नाही, म्हणून हा केक नुओंगपेक्षा अवघड आहे, आणि चांगला मिळणंही.

पपनस उत्तर व्हिएतनाममध्ये वसंतात फुलतं आणि केक लागतो शरदात. म्हणून फुलांचा अर्क तेव्हाच काढून ठेवावा लागतो. बाजारात बाटलीतला कृत्रिम वास स्वस्त मिळतो. फरक नाकाला लगेच कळतो: खऱ्याचा वास केक तोंडाजवळ नेल्यावर येतो आणि घासाबरोबर जातो, खोट्याचा डबा उघडताक्षणी खोलीभर होतो आणि चहा प्यायल्यावरही घशात राहतो.

पाक ५०० ग्रॅम असेल तर पिठी ३०० च्या आसपास. साखर-पाणी पाचेक मिनिटं उकळून पूर्ण गार करायचं, मगच अत्तरपाणी, एक मोठा चमचा. पिठी पाकात भुरभुरायची, उलट करायचं नाही, आणि मापातली थोडी मागे ठेवायची. सैल वाटलं म्हणून लगेच आणखी घालू नये. पिठी पंधरा मिनिटं पाणी पीत राहते. सैल वाटणारा गोळा तेवढ्यात बरोबर होतो आणि त्या वेळी बरोबर वाटणारा दगड होतो. मळणंही बेतानेच. जास्त मळला की पारी चिवट होऊन दाताला ओढते.

झेओत पारी जास्त, सारण कमी: २०० ग्रॅमला १३० पारी, ७० सारण. नुओंगच्या अगदी उलट, कारण इथे खायची ती पारीच. काही ठिकाणी सारणच नसलेला झेओ मिळतो आणि तो सगळ्यात चांगला, जर अत्तर खरं असेल तर. पारी हाताला कोरडी पण दाबल्यावर लोण्यासारखी दबली पाहिजे, कापल्यावर किंचित पारदर्शक. मधोमध खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर पिठीला पाक पोचलेला नाही.

आणि झेओ फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. तांदळाचा स्टार्च थंडीत परत घट्ट होतो, उरलेला भात फ्रिजमध्ये जसा कडकतो तसाच. बाहेर झाकून तीन दिवस टिकतो, चव मात्र पहिल्या दोन दिवसांचीच. त्याहून जास्त ठेवायचा तर सरळ फ्रीझरमध्ये, आणि खायच्या आधी बाहेर काढून आपोआप नरम होऊ द्यायचा.

ताट

नुसता केक खाऊन ‘फार गोड’ म्हणणं अन्यायाचं आहे. तो गोडपणा माम को या ताटावर बेतलेला आहे. ताटात पपनस हवं, आंबटसर, मधोमध. पर्सिमॉन, सीताफळ, केळी आणि कोम. कोम म्हणजे कोवळ्या चिकट तांदळाचे हिरवे पोहे. हनोईत वोंग गावचा कोम नावाजलेला, कमळाच्या पानात बांधून भाताच्या काडीने आवळलेला. तो सकाळी घेतला तर रात्रीपर्यंत खावा, दुसऱ्या दिवशी तो नुसता वाळलेला तांदूळ. केळी सालीवर काळे ठिपके पडलेलीच घ्यायची आणि सोललेलं केळं कोममध्ये टेकवून खायचं. केकापेक्षा ही जोडी जास्त आवडली असं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

पपनसाचा कुत्राही ताटात असतो. फोडींची साल मधून चिरून बाहेर उलटवायची, गर केसाळ दिसतो, आणि त्या फोडी काड्यांनी एका अख्ख्या पपनसावर टोचायच्या. डोळ्यांना काळे दाणे. रसरशीत पपनस यासाठी वाया जातं, फोड फाटते आणि रस गळतो. कोरड्या, घट्ट फोडींचं घ्यावं, आणि कुत्रा चंद्र उगवायच्या दोन-तीन तासच आधी करावा, नाहीतर लोकरीचा पापुद्रा होतो. पपनसाच्या बिया टाकत नाहीत. सोलून, तारेत ओवून, वाळवून त्या रात्री पेटवतात. तेलामुळे त्या तडतडत जळतात.

ताट आधी पूर्वजांपुढे, मग अंगणात किंवा गच्चीवर चंद्राकडे तोंड करून. चंद्र वर आला की फा को, म्हणजे ताट मोडायचं, आणि पहिला हात मुलांचा. मुलांच्या हातात तोवर डेन ओंग साओ, म्हणजे बांबूचा पाच टोकांच्या ताऱ्याचा कंदील असतो. कंदिलांसाठी हांग मा रस्ता, पण पौर्णिमेच्या आदल्या दोन संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, सकाळी जावं.

केक कापायचा आठ फोडींत. सुरीला तेलाचं बोट, झेओसाठी ताणलेला जाड दोराही चालतो. थाप काम कापताना सुरी मागेपुढे करवतली की काजू पारी फाडतात, म्हणून एका दाबात खाली. माणशी नुओंगची एक फोड, झेओची एक, आणि बिनसाखरेचा कडक हिरवा चहा. कमळाचा वास दिलेला चहा थाप कामबरोबर चांगला, पण झेओबरोबर नको; दोन फुलांचे वास एकमेकांना खातात. झेओला साधा थाय न्युएनचा चहा द्यावा.

कुठून घ्यावा

हनोईत थुय खुए रस्त्यावरचं बाओ फुओंग हे जुन्या पद्धतीच्या केकांसाठी सगळ्यात जास्त ओळखलं जाणारं नाव, आणि पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत तिथली रांग फुटपाथभर जाते. हांग डियेउवरचं निन्ह हुओंग हेही जुनंच. हो ची मिन्ह शहरात हाम न्घी रस्त्यावरचं न्हू लान. कारखान्याच्या केकांत किन्ह डो सगळीकडे दिसतं. २०१५ पासून त्याचा हा धंदा मोंडेलीझ या बहुराष्ट्रीय कंपनीकडे आहे. रांगेत उभं राहायचं तर आठवडाभर आधी आणि सकाळी. अगदी पौर्णिमेच्या दिवशी रांगेतून मिळालेला नुओंग त्या रात्री टणकच लागणार, दुकान कितीही चांगलं असो.

हाताच्या केकाला टिकाऊपणा आठवड्याचा. कारखान्याचा दीड-दोन महिने टिकतो, कारण पाकीट हवाबंद असतं आणि आत ऑक्सिजन शोषणारी लोखंडाच्या भुकटीची पुडी असते. ही पुडी दाबून बघावी: भुरभुरीत असेल तर काम करते आहे, खड्यासारखी घट्ट असेल तर ती संपली आहे किंवा पाकिटाला भोक आहे. पुडीसकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. कारखान्याचा केक सारखा असतो, दरवर्षी तोच, सारणाची गोडी जरा पुढे. ड्युरियन, अळकुडी, कमळबी या गुळगुळीत सारणांत तो हाताच्या केकाला बरोबरीने टक्कर देतो. थाप काम आणि झेओ मात्र हाताचेच घ्यावेत.

किमतीचा अंदाज म्हणून, साधा दीडशे ग्रॅमचा केक ६०-७० हजार डोंगपासून सुरू होतो. चार केकांचा रेशमी अस्तराचा डबा त्याच्या चौपटीहून कितीतरी वर जातो, आणि वरचे पैसे डब्याचे. भेट द्यायची असेल तर ठीक. खायचं असेल तर सुटे घ्यावेत, दोन नुओंग, एक झेओ. चार माणसांना एवढं भरपूर होतं.

पौर्णिमा उलटली की रस्त्यावरचे तंबू एकावर एक, एकावर दोन फुकट असं ओरडू लागतात. हवाबंद पाकिटातला, तारीख शिल्लक असलेला केक तेव्हा घेण्यात तोटा नाही, फक्त झेओ घेऊ नये. घरात उरलेल्या नुओंगच्या बोटभर जाड चकत्या कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजाव्यात. साखर कडेने करपायला लागायच्या आत काढाव्यात. थाप कामची चकती अशी भाजली की सॉसेज परत कुरकुरीत होतं. कडकलेल्या झेओच्या फोडी थोड्या तेलात तळल्या की बाहेरून फुगतात आणि आतून पुन्हा मऊ होतात.